सहाव्या उन्हाळ्यातला न्यायाधीश

९ जानेवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. पाकीट जाड बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. तुमच्या दादांचा गुडघा सोडला तर घरात काही कुरकुरत नाही, आणि गुडघ्याला मी आता घरातलंच माणूस समजते. फोन केला असता, पण फोन बैठकीत आहे आणि हे तिथे कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र.

कॉलेजला साठ वर्षं होतायत. त्यानिमित्त पुस्तक निघणार आहे आणि त्यात यांनी काढलेल्या आपल्या उन्हाळी नाटक मंडळीचा इतिहास हवा आहे. नव्या प्राचार्यबाई स्वतः घरी आल्या होत्या. हे म्हणाले, "मी तर्कशास्त्र शिकवलं, इतिहास नाही." बाई म्हणाल्या, "हरकत नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगते." झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी टेबलावर कागदांचा गठ्ठा आणि वर हे. यांचं अक्षर माझ्याशिवाय कुणाला लागत नाही, तेव्हा नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. एवढी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, पण इतकी गुंतलेली मुळं कधी बघितली नव्हती.

पहिल्याच पानावर आमचं वाजलं. पहिल्या उन्हाळ्यात स्टेज बांधायला प्रयोगशाळेतली टेबलं आणली होती. हे म्हणतात भौतिकच्या, मी म्हणते रसायनच्या. तुम्ही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतात, आमच्याकडेच राहत होतात आणि टेबलं उचलणाऱ्यांत पुढे होतात. तर निवाडा तुम्ही करा.

तुम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाही, हे मला माहीत आहे. लग्नकार्यात "त्याला म्हणावं, पाणी हवंय का" असं तिसऱ्याच्या तोंडून विचारता, तेही बघते. मी बोला म्हणत नाहीये. टेबलांबद्दल विचारतेय.

तुमची,
वहिनी


२१ जानेवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं.

टेबलं रसायनच्या प्रयोगशाळेतली होती. डावीकडून दुसऱ्या टेबलावर ॲसिडचा मोठा डाग होता आणि त्यावर चटई टाकूनही पाय ठेवला की फळी दबायची. त्या डागावर उभं राहून मी पहिलं वाक्य म्हटलं आणि प्रेक्षकांत कुणीतरी हसलं, कारण फळी माझ्या आधी बोलली.

लिहायचं असेल तर आणखी हे लिहा. सुट्टीत हॉल रिकामा असतो म्हणून तेव्हाच्या प्राचार्यांनी तो दिला, अट एकच, पंखे फार चालवायचे नाहीत. पंख्यांचा आवाज असा होता की हळू बोललेलं पहिल्या रांगेच्या पुढे जात नसे. म्हणून हळव्या प्रवेशात पंखे बंद आणि भांडणाच्या प्रवेशात चालू, असा नियम झाला. प्रेक्षकांना तो लवकरच कळला. दोन माणसं रंगमंचावर प्रेमाचं बोलायला लागली की मागून ओरडा यायचा, "भांडा!" मंडळीच्या नाटकांत पुढेपुढे भांडणं वाढत गेली त्याचं कारण वाङ्मयीन नव्हतं.

प्रेक्षक म्हणजे सुट्टीत कुठेच जाता न आलेले लोक. पाळी संपवून आलेल्या परिचारिका, पोस्टातली माणसं, निकालाची वाट बघणारी मुलं. पहिल्या उन्हाळ्यात आम्हीच त्यांच्यापेक्षा जास्त होतो. चौथ्या-पाचव्या उन्हाळ्यापर्यंत लोक गावाला जायच्या तारखा नाटकं बघून ठरवायला लागले.

मी वेधशाळेत नोकरी केली. नोंद केली की तिच्याशी आपला संबंध संपतो, असं आम्हाला शिकवलं होतं. त्याच हिशेबाने हे लिहिलं आहे. माझं नाव शक्य तितकं कमी येऊ द्या. सहाव्या उन्हाळ्यात मी मंडळी सोडली. पुढचं मला विचारू नये.

हिचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा,
धाकटा


१४ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

टेबलांचा निकाल यांना वाचून दाखवला. "डाग होता खरा," एवढंच म्हणाले आणि भौतिक खोडून रसायन केलं. कुणी कळवलं ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. अहो, ॲसिडच्या डागावर उभी राहिलेली माणसं जगात किती असणार!

आता रोज सकाळी लिखाण चालतं. प्रॉम्प्टिंग आणि कपडेपट मीच सांभाळत होते, तेव्हा मधूनमधून मलाही साक्षीला बोलावतात. राजाचा झगा खिडकीच्या पडद्यांचा केला होता आणि प्रयोग संपल्यावर प्राचार्यांच्या खोलीत परत टांगला होता, हे मी सांगितलं, तर म्हणाले, "इतिहासात सगळंच लिहायचं नसतं." बरं.

पाच उन्हाळे झाले. सहाव्याचं पान सोबत पाठवते आहे. मी त्यावर काही बोलत नाही. वाचा आणि कळवा.

तुमची,
वहिनी


२३ फेब्रुवारी

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. पान वाचलं. त्यातली वाक्यं इथे उतरवतो, म्हणजे माझा वाचण्यात घोटाळा नाही हे तुमच्या लक्षात येईल.

"सहाव्या उन्हाळ्यात मंडळीने न्यायाधीशाचं नाटक केलं. ज्याच्यासमोर स्वतःचा मुलगाच आरोपी म्हणून उभा राहतो, त्या न्यायाधीशाची ही गोष्ट. न्यायाधीशाची भूमिका माझ्या धाकट्या भावाने केली. मंडळीच्या साऱ्या काळात रंगमंचावर याहून चांगलं काम झालं नाही."

हे खोटं आहे. न्यायाधीशाचं काम काडीने केलं. काडी म्हणजे त्या वर्षी नवीन आलेला तो काटकुळा मुलगा, ज्याच्या अंगावर तुम्ही झगा पिना लावून बसवलात. मला दादाने कोर्टातल्या पुकारणाऱ्या शिपायाचं काम दिलं. पाच उन्हाळे मी नायक होतो. मी कारण विचारलं, तेव्हा दादा सगळ्या तालमीसमोर म्हणाला, "तुझ्याकडे आवाज आहे, उभं राहणं आहे. पण तू ऐकत नाहीस. समोरचा बोलत असतो तेव्हा तू तुझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत असतोस. न्यायाधीशाला ऐकता आलं पाहिजे." मी म्हटलं, "मग मी कशाला आहे इथे?" तो म्हणाला, "तोच विचार करतोय." कुणीतरी हसलं. मी ट्रंक भरली आणि इकडच्या नोकरीचा कागद आला होता तो स्वीकारला.

तुम्ही विंगेत पुस्तक घेऊन बसला होतात. तुम्हाला हे सगळं माहीत आहे. मग नक्कल करताना तुमचा हात कसा थांबला नाही?

एक विचारतो, राग मानू नका. दादाला डॉक्टरांना दाखवलंत का? गुडघ्याचं विचारत नाहीये.

तुमचा,
धाकटा


८ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमची काळजी समजली. काय सांगू? वय झालंच आहे. परवा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. कधी मला एका नावाने हाक मारतात, कधी दुसऱ्या. डॉक्टरांना डोकं दाखवायचं तर माणूस तयार हवा, आणि तुमचे दादा डॉक्टरांनाच तर्कशास्त्र शिकवायला बसतात.

मी एकटी बाई किती बघणार? तुम्ही एकदा येऊन डोळ्यांनी बघून गेलात तर बरं. पुस्तक छापायला जायच्या आत.

तुमची,
वहिनी


१७ मार्च

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. पत्र वाचून दोन्ही वेळचं जेवण गेलं नाही. ही म्हणते, "जा एकदाचे, भाऊच आहे, वाघ नाही." मी येईन. पण त्याआधी त्याची आठवण कितपत गेली आहे हे कळलं तर बरं, म्हणजे कुणाला भेटायचं आणि काय औषधं विचारायची ते ठरवता येईल. इथले एक डॉक्टर म्हणाले, जुन्या आणि बारीक गोष्टी विचाराव्यात. खालचे प्रश्न सहज गप्पांत विचारा. मी विचारलेत हे सांगू नका.

पडदा कोणत्या रंगाचा होता? घंटा कोण वाजवायचं? तिसऱ्या उन्हाळ्यात प्रयोग मधेच का थांबला होता? आणि मंडळी बंद का झाली?

जसं बोलेल तसं उतरवून पाठवा.

तुमचा,
धाकटा


२ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तसं विचारलं. उत्तरं यांच्याच शब्दांत लिहिते.

"पडदा? कुठला पडदा? पहिले दोन उन्हाळे पडदाच नव्हता, दिवे घालवायचो. नंतरचा गडद हिरवा. उजव्या हाताला खाली ठिगळ होतं, ते तू लावलंस, तेही निळं. मी तेव्हाही बोललो होतो."

"घंटा शिपाई वाजवायचा, पण तो सुट्टीवर गेला की ग्रंथपाल. ग्रंथपालाची घंटा ग्रंथपालासारखीच वाजायची, कुणाला ऐकू जाऊ नये अशी."

"तिसऱ्या उन्हाळ्यात वादळ आलं. पत्र्यावर असा आवाज की नट तोंडं हलवतायत आणि ऐकू शून्य. मी थांबा म्हटलं. लोक उठेनात. मग नटांनी खाली येऊन रांगारांगांत बसून पुढची गोष्ट सांगितली. सगळ्यांत चांगली कोणी सांगितली ते मी सांगणार नाही."

"मंडळी बंद झाली कारण हॉलमध्ये सुट्टीतले शिकवणीवर्ग सुरू झाले. लोक म्हणतात, प्रेक्षक कमी झाले. प्रेक्षक कमी झाले नव्हते. बाराव्या उन्हाळ्यात शेवटच्या प्रयोगाला लोक खिडक्यांत बसले होते. आणि तू हे आज का विचारतेस?"

मी म्हटलं, सहज.

तुमची,
वहिनी


११ एप्रिल

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि.

ज्या माणसाला चाळीस वर्षांपूर्वीचं ठिगळ कोणत्या बाजूला होतं आणि कोणत्या रंगाचं होतं हे आठवतं, त्याच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. निळं ठिगळ तर मीसुद्धा विसरलो होतो. फ्रिजमध्ये सापडलेला चष्मा कुणाचा होता, तेही आता सांगून टाका.

तुम्ही मला बोलावण्यासाठी हे केलंत, ते मी समजू शकतो. दादाचं समजू शकत नाही. त्याला सगळं लख्ख आठवत असताना तो खोटं लिहितो आहे, आणि ज्या कामावरून त्याने मला घालवलं त्याच कामाची शाबासकी आता मला देतो आहे. ही थट्टा असेल तर फार उशिरा केली. दान असेल तर मला नको. आणि काडीचं काय? तो कुठेतरी शाळेचा मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला, असं ऐकलं होतं. त्याच्या हातात हे पुस्तक पडलं तर तो काय समजेल?

हे छापलं तर मी कॉलेजला पत्र लिहीन.

धाकटा


२० एप्रिल

प्रिय भाऊजी,

पकडलंत. चष्मा माझा होता. आणि मला दोन नावांनी हाक ते लग्न झाल्यापासून मारतात, एक रागाचं आणि एक कामाचं.

तुमची चूक झाली असं नाही, मीच तुम्हाला तसं समजू दिलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि या घरात तर दोन सुंभ. मला वाटलं, आजारपणाच्या नावाने का होईना, एक जण उंबऱ्याच्या आत येईल. ते जमलं नाही. आता खरं सांगते.

तुमचं शेवटचं पत्र आलं त्या दुपारी मी यांच्यासमोर सहाव्या उन्हाळ्याचं पान ठेवलं. म्हटलं, "हे कोणी केलं होतं काम?"

"लिहिलंय त्यात."

"मी विंगेत होते हो. काडीला मी झगा घातला होता."

पान उलटं करून ठेवलं. मग म्हणाले, "तुला काय वाटतं, मला माहीत नाही?"

"मग?"

"सगळा इतिहास खरा लिहिलाय. टेबलं, पंखे, वादळ. कुणी आवाज चढवला, कुणी वाक्य विसरलं, सगळं. त्यात एक गोष्ट मनासारखी झाली तर कुणाचं काय बिघडतं?"

मी म्हटलं, "काडीचं बिघडतं. आणि धाकट्या भाऊजींना ते नको आहे."

तेव्हा प्रथमच वर बघितलं. "त्याला पाठवलंस?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, आता पेला फुटणार. पण हे उठले, काठी घेतली आणि अंगणात जाऊन बसले. तिथे बसण्यासारखं काही नव्हतं, ऊन होतं. संध्याकाळी आत आले तेव्हा विचारलं, "काय म्हणाला तो?" मी म्हटलं, "खोटं आहे म्हणाले." "बरोबर आहे," एवढं म्हणाले आणि जेवायला बसले.

पान अजून तसंच आहे. खोडलं नाही, पाठवलंही नाही. छपाईवाले मे अखेरीपर्यंत थांबायला तयार आहेत. आता मी मधे पडणार नाही. तुम्ही जे लिहाल ते जसंच्या तसं यांना वाचून दाखवीन, एवढं मात्र करीन.

तुमची,
वहिनी


४ मे

ती. वहिनींस,

सा. न. वि. वि. हे पत्र दादाला वाचून दाखवा.

मी तालीम सोडली त्या दिवशी तुमचं घर सोडलं, पण गाव सोडलं नव्हतं. नोकरीवर हजर व्हायला अवकाश होता. एका वर्गमित्राकडे राहिलो. न्यायाधीशाच्या नाटकाचा शेवटचा प्रयोग मी बघितला. दिवे गेल्यावर आत शिरलो आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही, हिलाही नाही.

मी काडी पडतो कसा ते बघायला गेलो होतो. स्पष्टच सांगतो.

पहिल्या अंकात न्यायाधीशाला जवळजवळ वाक्यंच नाहीत. साक्षीदार येतात, वकील बोलतात, तो बसलेला असतो. मी तो अंक पाठ केला होता, आणि तो कसा उचलायचा हेही ठरवून ठेवलं होतं. कुठे खाकरायचं, कुठे चष्मा काढायचा, कुठे वकिलाकडे असं बघायचं की लोकांनी त्याच्याऐवजी माझ्याकडे बघावं. काडीने यातलं काही केलं नाही. तो पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता. एक बाई साक्ष देत होती, त्यात तिने सहज म्हटलं की पळणाऱ्या मुलाचा एक पाय जरा आत वळत होता. काडीची पेन्सिल थांबली. तो वर बघत नाही, चेहरा बदलत नाही. लिहिणं थांबलं, एवढंच. आणि हॉलमधल्या शेवटच्या माणसाला कळलं की तो मुलगा त्याचा आहे. नाटकात ते पुढच्या प्रवेशात उघड होतं. पण आम्हाला तेव्हाच कळलं.

मग मुलाला पिंजऱ्यात आणलं. बाकी सगळे मुलाकडे बघायला लागले. काडीने समोरचे कागद सरळ केले. त्या जागी मी उठणार होतो, वहिनी. छातीवर हात ठेवणार होतो.

पंखे बंद होते. भयंकर उकडत होतं. कुणी "भांडा" म्हणालं नाही.

शेवटचा पडदा पडायच्या जरा आधी मी बाहेर पडलो. दादा जे म्हणाला होता ते बरोबर होतं, हे मला त्या बाकावर कळलं. राग त्याने गेला नाही. उलट वाढला. चूक माणसावर रागावणं सोपं असतं, थोड्या दिवसांनी ते ओसरतं. बरोबर असलेल्या माणसावरचा राग ठेवायला जागाच सापडत नाही, म्हणून तो घरभर पडून राहतो.

तेव्हा न्यायाधीशाच्या कामापुढे काडीचं नाव घालावं. "मंडळीच्या साऱ्या काळात याहून चांगलं काम झालं नाही" हे वाक्य मात्र तसंच ठेवावं. ते खरं आहे.

तुमचा,
धाकटा


१३ मे

धाकट्या,

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. नंतर मी स्वतः वाचलं.

दुरुस्ती मान्य आहे. न्यायाधीश, काडी. पान बदललं.

एक अडचण उरते. त्या नाटकाचा प्रत्येक प्रयोग मी विंगेतून बघितला. तिथून काडीची पाठ, खुर्ची आणि अर्धा वकील दिसतो. लोक गप्प झाले हे मला ऐकू आलं होतं. का झाले, ते आत्ता कळतंय. पेन्सिल थांबवायला मी सांगितलं नव्हतं. ही सांगते, तिनेही नाही. मंडळीतल्या एकाही माणसाने तो प्रयोग समोरून बघितलेला नाही. तू एकट्याने बघितलास. तेव्हा ते पान तू लिहायला हवं. मी लिहिलं तर ऐकीव होईल.

दुसरं. तालमीत मी तुला जे बोललो ते बरोबर होतं. सगळ्यांच्या समोर बोललो, ते बरोबर नव्हतं. विधान खरं असणं आणि ते करणं योग्य असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असं मी जन्मभर मुलांना शिकवलं. परीक्षेत त्यावर प्रश्नही घातले.

महिनाअखेरीच्या आत पाठव.

दादा


२० मे

ती. दादा,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं.

लिहायला बसलो. बरेच कागद फाडले. "पेन्सिल थांबली" असं लिहिलं की कागदावर नुसती पेन्सिल थांबते. काडी दिसत नाही. आधी तो ती कशी चालवत होता ते दाखवल्याशिवाय थांबण्याला अर्थ नाही, आणि ते मला लिहिता येत नाही. मी वाऱ्याचा वेग लिहिलेला माणूस आहे.

म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. संध्याकाळच्या गाडीने परत, कारण रविवारी हिच्या भाचीचा साखरपुडा आहे आणि मी नसलो तर तिसरं महायुद्ध होईल. बैठकीतलं मोठं टेबल भिंतीकडे सरकवून ठेव आणि त्यामागे हातांची खुर्ची. तू समोर बस. मी करून दाखवतो. तुला जे दिसेल ते तू सांग आणि वहिनी उतरवून घेतील. साक्षीदार आणि वकील यांची वाक्यंही वहिनींनी वाचावीत, पुस्तक त्यांच्याकडे असेलच.

तालीम नाही, प्रयोग आहे. मधे बोलायचं नाही.

धाकटा


८ जून

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. साखरपुडा नीट पार पडला आणि महायुद्ध टळलं, हे तुमच्या हिच्याकडून कळलं.

इथलं सांगते. पान कॉलेजात गेलं. प्राचार्यबाईंना आवडलं, फक्त एवढं म्हणाल्या की नटाबद्दल इतकं आणि संस्थापकाबद्दल एक ओळ, हे जरा उलटं नाही का? हे म्हणाले, "उलटं होतं, आत्ता सुलटं केलंय." बाईंनी पुढे विचारलं नाही.

काडीचा पत्ता मिळवून त्याला नक्कल पाठवली होती. त्याचा फोन आला. मीच घेतला. आता चांगला जाड झालाय म्हणतो, काडी म्हटलं तर नातवंडं हसतात. पेन्सिलीचं विचारलं, तर म्हणाला, "बाई, मला त्या प्रयोगाचं एवढंच आठवतं की विग फार टोचत होता." मी यांना सांगितलं. हे इतके हसले की खोकला लागला. असं हसताना मी त्यांना फार दिवसांत बघितलं नव्हतं.

आता तुम्हाला न दिसलेलं सांगते. तुम्ही टेबलामागे बसला होतात आणि तुमची नजर कागदावर होती, कामात तशीच हवी म्हणून. मी त्या बाईची साक्ष वाचत होते, तरी एक डोळा इकडे होता. "पाय जरा आत वळत होता" हे वाक्य मी म्हटलं आणि तुमची पेन्सिल थांबली. तुमच्या दादांनी गुडघ्यावरचा हात उचलला आणि तसाच हवेत धरला. अंक संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मी मनात म्हटलं, आता हात दुखेल. पण मधे बोलायचं नाही असं तुम्ही बजावलं होतं.

मग तुमच्या गाडीची वेळ झाली आणि तुम्ही चप्पल शोधायला लागलात. हे काहीच बोलले नाहीत, म्हणून तुम्ही जरा हिरमुसला होतात. दारातून मागे वळून बघितलंत ते मी बघितलं.

तुमची रिक्षा कोपऱ्यावरून वळली तरी हे खिडकीशी उभेच. मी म्हटलं, "एवढ्या लांबून आले ते. बरं झालं, वाईट झालं, काहीतरी बोलायचं!"

"पहिला अंक चांगला झाला," म्हणाले.

"मग ते त्यांनाच सांगायचं ना?"

"नाटक चालू असताना नटाला सांगू नये. चढतो." आणि मग काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाले, "दुसरा अंक राहिलाय. कधी येतोय ते विचार त्याला."

तर विचारते. कधी येताय? टेबल अजून भिंतीकडेच आहे. मी पुसून घेते, पण ते जागचं हलवू देत नाहीत.

तुमची,
वहिनी